शेंगेन व्हिसा : एका सबमिशनची गोष्ट

आपल्या कॉलेजातून दरवर्षी कुणी ना कुणी परदेशी जातंच. कुणाचा पेपर सिलेक्ट होतो, कुणाची टीम स्पर्धेला जाते, एखाद्या सरांना कॉन्फरन्सचं आमंत्रण येतं. पत्र आलं की नोटीस बोर्डावर नाव लागतं, हॉस्टेलवर पार्टी होते. पण पत्र आणि विमान यांच्या मध्ये व्हिसा नावाची एक पायरी असते आणि तिच्याबद्दल आपल्याकडे ज्ञान कमी, अफवाच जास्त.

गेल्या वर्षी युरोपातल्या एका स्पर्धेसाठी आमच्या टीममधल्या नऊ जणांनी अर्ज केले. आठ जणांना व्हिसा मिळाला, एकाचा अर्ज नामंजूर झाला. तो एक म्हणजे मी. चूक माझ्याच फाईलची होती, त्यामुळे देशाचं नाव लिहीत नाही. पण ती चूक कशी झाली आणि कशी सुधारली, हे आपल्यासारख्या गावाकडून आलेल्या हॉस्टेलवाल्यांना उपयोगी पडेल, म्हणून हा लेखनप्रपंच.

शेंगेन म्हणजे काय?

शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं मोझेल नदीकाठचं एक छोटंसं गाव. तिथे फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग या तिघांच्या सीमा एकत्र येतात. १४ जून १९८५ रोजी याच नदीत उभ्या असलेल्या एका बोटीवर बेल्जियम, फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि तेव्हाचा पश्चिम जर्मनी या पाच देशांनी आपापसातली सीमेवरची तपासणी हळूहळू काढून टाकण्याचा करार केला. प्रत्यक्ष अंमल सुरू झाला २६ मार्च १९९५ ला. आज या गटात २९ देश आहेत. युरोपियन युनियनमधले २५ आणि बाहेरचे चार : स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन. क्रोएशिया २०२३ मध्ये आला. रुमानिया आणि बल्गेरिया २०२४ मध्ये विमान आणि जहाजमार्गापुरते आले आणि १ जानेवारी २०२५ पासून पूर्णपणे.

थोडक्यात, एका स्टिकरवर २९ देश. पण ब्रिटन, आयर्लंड आणि सायप्रस यात नाहीत, हे पक्कं लक्षात ठेवा. 'पॅरिसपर्यंत जातोच आहे, तर दोन दिवस लंडनला मामाकडे जाऊन येतो' असं ठरवलंत तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा लागतो. शिवाय लंडनहून पुन्हा पॅरिसला यायचं म्हणजे शेंगेनमध्ये दुसऱ्यांदा प्रवेश. तुमच्या स्टिकरवर 'एक प्रवेश' लिहिलं असेल तर तुम्ही लंडनमध्येच अडकलात!

अर्ज कुणाकडे करायचा?

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. २९ देशांचा व्हिसा एकच, पण अर्ज एकाच देशाकडे करायचा. नियम सोपा आहे. प्रवासाचं मुख्य ठिकाण ज्या देशात, म्हणजे जिथे मुक्काम सगळ्यात जास्त किंवा जिथे जाण्याचं मुख्य कारण, त्या देशाकडे. समजा जर्मनीत सात रात्री, ऑस्ट्रियात दोन, इटलीत तीन. तर विमान रोमला उतरत असलं तरी अर्ज जर्मनीकडे. चार-चार-चार अशी समान वाटणी असेल आणि मुख्य असं काही ठरवता येत नसेल, तर ज्या देशातून पहिला प्रवेश करणार त्याच्याकडे.

आमच्या विंगमधला एक हुशार म्हणाला, "अरे, अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते, तिथे टाक ना!" असं करू नका. हॉटेलचं बुकिंग एका देशात आणि अर्ज दुसऱ्याकडे, हे फाईल उघडल्याबरोबर दिसतं. मग तुम्ही बाकी काहीही लिहिलं तरी त्यावर विश्वास कोण ठेवणार?

९० आणि १८० चं गणित

हा कमी मुदतीचा 'सी' प्रकारचा व्हिसा. त्यावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. ही १८० दिवसांची खिडकी जानेवारी ते जून अशी ठरलेली नसते, ती रोज एक दिवस पुढे सरकते. ज्या दिवशी मोजाल त्या दिवसापासून मागे १८० दिवस बघायचे. उतरलेला दिवस आणि निघालेला दिवस, दोन्ही धरायचे. ३ ऑगस्टला पोचून २० ऑगस्टला निघालात तर १८ दिवस झाले, १७ नव्हे. सिग्नल प्रोसेसिंगवाल्यांना मूव्हिंग विंडो वेगळी सांगायला नको.

आपल्याला मात्र बहुतेक वेळा ९० दिवस मिळत नाहीत. स्टिकरवर दोन गोष्टी असतात : व्हिसा कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत चालेल आणि त्या काळात किती दिवस राहता येईल. एक महिन्याची मुदत आणि १८ दिवसांचा मुक्काम असं लिहिलं असेल, तर राहायचं १८ दिवसच.

फाईल : चार प्रश्नांची उत्तरं

कागदांची यादी प्रत्येक देशाच्या वेबसाइटवर मिळते, ती तिथूनच घ्या. सीनियरची झेरॉक्स वापरू नका, नियम बदलतात. यादी लांबलचक दिसते, पण तिच्यामागे प्रश्न चारच आहेत.

पहिला, तुम्ही कोण? पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. शाळेत असताना पासपोर्ट काढला असेल तर आजच मुदत बघा, मुलांचा पासपोर्ट बहुधा पाचच वर्षांचा असतो. फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटर. अर्ज देताना दहाही बोटांचे ठसे घेतात, त्यामुळे तिथे स्वतः जावं लागतं. ते ठसे साधारण पाच वर्षं पुढच्या अर्जालाही चालतात.

दुसरा, कशासाठी जाताय? आमंत्रणपत्र, कार्यक्रमाच्या तारखा, दिवसवार प्रवासाचा आराखडा, राहण्याची सोय. विमानाचं आधी नुसतं रिझर्वेशन दाखवा. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका.

तिसरा, खर्च कोण करणार? बँकेचं स्टेटमेंट, वडिलांचं किंवा कॉलेजचं हमीपत्र. यातच प्रवासी वैद्यकीय विमाही आला : किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांत आणि पूर्ण मुक्कामभर चालणारा.

चौथा, परत येणार का? आपल्या बाबतीत याचं उत्तर म्हणजे बोनाफाइड आणि प्राचार्यांचं ना-हरकत पत्र. त्यात 'अमुक तारखेला टर्म सुरू होते, विद्यार्थ्याने हजर होणे आवश्यक आहे' हे वाक्य टाकून घ्या. सर-मॅडमनी रजा मंजुरीचं पत्र, पगाराच्या स्लिपा आणि आयकर विवरणपत्र लावावं.

माझं कुठे चुकलं?

माझं घर वाळवा तालुक्यात, शेती उसाची. एप्रिलमध्ये फाईल लावताना यादीत 'गेल्या तीन महिन्यांचं स्टेटमेंट' होतं, म्हणून आण्णांच्या खात्याचं फेब्रुवारी ते एप्रिलचं काढलं. आता ऊसवाल्यांचं खातं कसं असतं ते तुम्हाला माहीत आहे. कारखान्याची पहिली उचल जानेवारीत आली. मार्चअखेरीला सोसायटीचं पीककर्ज भरलं. खात्यात उरले नऊ हजार! एवढ्या पैशांत युरोप कसा दिसणार, म्हणून चुलत्यांनी अर्जाच्या आठवडाभर आधी तीन लाख टाकले. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, त्यामुळे विवरणपत्र कधी भरलंच नव्हतं. मी आपलं स्टेटमेंट जोडलं, हमीपत्र जोडलं आणि आलो.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासपोर्ट परत आला. सोबत एक छापील फॉर्म. त्यात नकाराची कारणं दिलेली असतात आणि लागू असेल त्यावर खूण करतात. माझ्या फॉर्मवर खूण होती ती खर्चासाठी पुरेशी साधनं असल्याचा पुरावा न दिल्याच्या कारणावर.

घरी फोन केला. आण्णा बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पैसं तर आपलंच हायती न्हवं? मग चोरी केल्यागत कागद का परत आला?" मला उत्तर देता आलं नाही. बाकीच्या आठ जणांचे वडील नोकरदार, दर महिन्याच्या एक तारखेला पगार जमा. आमच्याकडे पैसे कमी होते असं नाही, ते दिसत नव्हते.

दोन दिवस रूमवर पडून काढल्यावर डोकं शांत झालं आणि मी तेच स्टेटमेंट त्या अधिकाऱ्याच्या नजरेने वाचलं. त्याला उचल म्हणजे काय, सोसायटी म्हणजे काय, हे कुठून माहीत असणार? त्याला दिसलं ते एवढंच : रिकामं खातं आणि आठवड्यापूर्वी कुठूनतरी आलेले तीन लाख. मी असतो तरी हेच केलं असतं. ओरलला एक्सटर्नल आपल्याला प्रश्न तरी विचारतो. इथे बहुतेक वेळा तो समोर नसतोच. आपल्या वतीने फक्त फाईल बोलते.

दुसरं सबमिशन

नकार आला की दोन वाटा असतात. एक, ज्या देशाने नकार दिला त्याच्या कायद्याप्रमाणे अपील. मुदत आणि पद्धत त्याच फॉर्मवर लिहिलेली असते. दुसरी, नवा अर्ज. निर्णयच चुकीचा वाटत असेल तर अपील, पण आपले कागद कमी पडले असतील तर नवा अर्ज बरा. आधीचा नकार हे आपोआप पुन्हा नकार देण्याचं कारण होऊ शकत नाही, असं शेंगेनच्या व्हिसा नियमातच आहे. मात्र नकाराची नोंद त्यांच्या सामाईक संगणकात राहते, तेव्हा लपवाछपवी करू नका. पहिली फी परत मिळत नाही, दुसऱ्यांदा पुन्हा भरावी लागते.

मी नवा अर्ज केला. चुलत्यांचे पैसे आधी परत केले. तीनऐवजी बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढलं, म्हणजे हंगामाची चढ-उतार दिसते. कारखान्याच्या तीन हंगामांच्या बिलांच्या पावत्या आणि सात-बारा, दोन्हींची इंग्रजी भाषांतरं जोडली. सोसायटीचा कर्ज भरल्याचा दाखला लावला. आण्णांच्या नावावरची एक ठेव पहिल्या वेळी मोडायला नको म्हणून दाखवलीच नव्हती. ठेव दाखवायला मोडावी लागत नाही, हे तेव्हा कळलं. कॉलेजने अर्धा खर्च उचलल्याचं पत्र ऑफिसातून मागून घेतलं. ते पहिल्या वेळीही मिळालं असतं, मीच मागितलं नव्हतं.

सगळ्यात वर एक पानाचं पत्र. त्यात साध्या भाषेत लिहिलं : आमचं उत्पन्न वर्षातून दोन-तीन वेळा येतं, मार्चमध्ये कर्ज फेडल्यामुळे शिल्लक कमी दिसते, पहिल्या अर्जात दिसलेली रक्कम नातेवाइकांची होती आणि ती परत केली आहे, सोबत पुरावे. जूनच्या मध्याला पासपोर्ट आला. आत स्टिकर होतं.

वेळेचं भान

हे जमलं ते केवळ वेळ हाताशी होता म्हणून. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण जास्त तपासणी हवी असेल तर ४५ दिवसांपर्यंत जाऊ शकतात. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही. मी जुलैमध्ये अर्ज केला असता तर दुसरी संधीच नव्हती. आपल्याला आदल्या रात्री जर्नल पूर्ण करायची सवय. इथे ती चालत नाही.

फी मोठ्यांसाठी ९० युरो (११ जून २०२४ पासून, त्याआधी ८० होती), शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचा सेवा आकार वेगळा. अभ्यास किंवा शैक्षणिक प्रशिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी आणि त्यांच्या सोबतचे शिक्षक यांना व्हिसा फी माफ असते. आपला प्रवास त्यात बसतो का, हे कॉलेजचं पत्र दाखवून आधी विचारून घ्या.

स्टिकर मिळाल्यावरही नाव, तारखा, दिवस आणि प्रवेशांची संख्या तिथल्या तिथे तपासा. व्हिसा म्हणजे प्रवेशाची खात्री नव्हे. विमानतळावरचा अधिकारी पुन्हा तेच चार प्रश्न विचारू शकतो. कागद हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात नको. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे शिक्क्याऐवजी चेहरा आणि ठसे यांची संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. त्यामुळे एक दिवस जादा राहिलो तर कुणाला कळतंय, हा विचार सोडा.

असो. परत आल्यावर आण्णांनी पासपोर्ट मागून घेतला, चष्मा लावून ते स्टिकर उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "ह्यात उसाचं कुठं लिवलंय?" म्हटलं, "ह्यात नाही आण्णा, फाईलीत लिहिलं होतं."

तर मंडळी, ज्यांच्या घरी पगाराची स्लिप नाही त्यांनी घाबरू नका आणि कुणाकडून उसने पैसे आणून खातं फुगवूही नका. जे खरं आहे तेच कागदावर नीट मांडा. काही अडलं तर माझी ती दुसरी फाईल रूमवर आहे, केव्हाही येऊन बघा. फक्त झेरॉक्स मारून तुमच्या नावाने लावू नका!