पिंग : खिशात वाजणारा शब्द

आजचा शब्द तुमच्या खिशातच वाजत असतो. पिंग!

ऑफिसात म्हणतात, ‘फ्री झालीस की पिंग कर.’ गेम खेळणारे ओरडतात, ‘अरे, पिंग वाढलंय!’ एकीकडे पिंग म्हणजे मेसेज, दुसरीकडे मिलिसेकंदांचा आकडा. असं कसं?

तर आधी आवाज. आपल्या ‘कडकड’, ‘खळखळ’सारखा हा अनुकरणवाचक शब्द आहे. 19व्या शतकात इंग्रजीत बंदुकीची गोळी कशावर तरी आदळली की होणाऱ्या आवाजाला ‘पिंग’ म्हणायचे. 1900च्या सुमारास इंग्लंडमध्ये टेबल टेनिसला ‘पिंग-पाँग’ नाव मिळालं, तेही चेंडूच्या आवाजावरून.

फोनपर्यंत मात्र हा शब्द समुद्रातून आला. पाणबुडी शोधायला जहाज सोनारने पाण्यात आवाज सोडतं. तो कशावर तरी आपटून परत येतो. समुद्रात आवाज सेकंदाला साधारण 1500 मीटर जातो. म्हणजे प्रतिध्वनी 2 सेकंदांनी आला, तर ती वस्तू 1500 मीटरवर आहे. निम्मा वेळ जाण्यात, निम्मा येण्यात!

डिसेंबर 1983. अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत नेटवर्क विचित्र वागत होतं. तिथल्या माइक म्यूसने एका संध्याकाळीत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. समोरच्या कॉम्प्युटरला एक पॅकेट पाठवायचं, त्याने ते परत पाठवायचं, आणि आपण लागलेला वेळ मोजायचा. सोनारच्या आवाजावरून त्याने नाव ठेवलं पिंग. गेममधलं ‘40 पिंग’ म्हणजे हाच जाण्यायेण्याचा वेळ, 40 मिलिसेकंद.

थोडक्यात काय, पिंग विचारतं एवढंच : आहेस का? आपल्या घरांत हे काम मिस्ड कॉल करायचा. ‘पोचलीस की मिस्ड कॉल दे गं.’ फोन उचलायचा नाही, पैसे जायचे नाहीत, पण आईला कळायचं.

या भागाची तयारी करताना मला माझा मावसभाऊ आठवत राहिला. गेल्या वर्षी एका रात्री त्याचा मेसेज आला, ‘ताई, आहेस का?’ मी बघितला आणि म्हटलं, उद्या निवांत बोलू. सकाळी लिहिलं, ‘बोल रे.’ तो म्हणाला, ‘काही नाही गं, सहज.’ त्याच दिवशी त्याची नोकरी गेली होती, हे मला दोन आठवड्यांनी मावशीकडून कळलं.

तेव्हा मला वाटलं होतं, उत्तर द्यायचं तर नीट वेळ काढून द्यावं. पण कॉम्प्युटर तरी काय करतो? आलेला मजकूर जसाच्या तसा परत पाठवतो. ‘आहेस का?’ला ‘आहे रे’ एवढंही पुरलं असतं.

तुमच्या फोनमध्ये कुणाचं पिंग पडून आहे का? आधी तिथे उत्तर द्या. पुढचा भाग काय, नंतरही ऐकता येईल. भेटूच!