कारखान्याचा धंदा बदलला, उसाच्या हिशेबाचे काय?



हिंगण्याच्या गटसभेत एका सभासदाने उभे राहून विचारले, "साहेब, कारखाने आता वीज विकतात, इथेनॉल विकतात, मग आमच्या उसाचा भाव साखरेवरच का?" प्रश्न रास्त आहे. सभेत उत्तर अर्धवट राहिले, म्हणून येथे लिहितो.

१९५० साली प्रवरेला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना सुरू केला, तेव्हा गणित सोपे होते. ऊस गाळा, साखर विका, खर्च वजा जाता उरेल ते सभासदांचे. पुढे १९६७ पासून साखरेचे दोन भाग झाले. लेव्हीची रेशनला, सरकारी दराने. बाकीची खुल्या बाजारात, तीही सरकार सोडील तेवढीच. लेव्ही २०१३ साली सुटली. त्या काळात मळी ठेवायची कुठे हीच डोकेदुखी, आणि बगॅस बॉयलरमध्ये जाळून मोकळे!

आता त्याच बगॅसवर जास्त दाबाचा बॉयलर चालवून, कारखान्याची गरज भागून उरलेली वीज विकता येते. मळीची गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. पूर्वी निघेल तेवढी साखर काढून शेवटच्या 'सी' मळीचे अल्कोहोल करीत. २०१८ पासून 'बी हेवी' मळीच्या इथेनॉलला वेगळा दर मिळू लागला. म्हणजे थोडी साखर मुद्दाम मळीतच राहू द्यायची. साखर मळीत राहिली की उतारा कमी दिसतो, आणि एफ.आर.पी. तर उताऱ्यावर! म्हणून इथेनॉलकडे वळवलेली साखर उताऱ्यात मिळवूनच हिशेब व्हायला हवा. कापूसवाल्याला हे लगेच कळेल : रुईचे पैसे आले, सरकीचे कुठे गेले?

एफ.आर.पी. ही तळाची रक्कम. रंगराजन समितीने २०१२ साली सुचवले, की साखर, मळी, बगॅस व प्रेसमड यांच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा उसाला द्यावा. नुसती साखर धरली तर ७५ टक्के. वीज त्यात नाही, पण तिचा बगॅस आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गाळपात, केंद्राने रसाच्या इथेनॉलला मनाई केली. आठवड्याभरात मर्यादा घालून थोडी सूट मिळाली. बंधन उठले ते ऑगस्ट २०२४ मध्ये. तोवर आसवनीच्या कर्जाचे हप्ते काही थांबत नाहीत. तेव्हा वार्षिक सभेला येताना अहवालातील उताऱ्याचा तक्ता आणि कर्जाचे पान, दोन्ही वाचून यावे.