दोघांची बेगमी

मुलं घराबाहेर पडली की खर्च निम्म्यावर येईल, अशी एक भाबडी समजूत आपल्याकडे बहुतेक आईबापांची असते. चार ताटांची दोन ताटं झाली, म्हणजे चार पैशांचे दोन पैसे व्हायला हवेत, हे झालं शाळेतलं गणित. संसाराचं गणित वेगळ्या वहीत मांडावं लागतं.

आमचा मुलगा बंगळुरूला गेला, मुलगी लग्न होऊन मेलबर्नला गेली. त्यानंतरच्या वर्षी मी सवयीप्रमाणे घरचा ताळेबंद मांडला. बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला रविवारी दुसरं काही सुचत नाही. धान्य, दूध, गॅस, भाजी हे आकडे खाली आले होते. सोसायटीची वर्गणी, घरपट्टी, विजेच्या बिलातला स्थिर आकार, मोलकरणीचा पगार मात्र जिथल्या तिथे होते. आणि औषधांचा आकडा, जणू मुलांची रिकामी जागा भरून काढायची असल्यासारखा, वर सरकत होता.

वसई-विरारमध्ये अशी घरं आता मजल्यामजल्यावर आहेत. १९८० आणि ९० च्या दशकांत गिरगाव, परळ, दादरच्या खोल्या सोडून हजारो कुटुंबं इकडे आली. नळाला पाणी नव्हतं, पण दोन खोल्या जास्त मिळत होत्या. विरार लोकलला लोंबकळत आम्ही मुलांना शिकवलं. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला, आणि ज्यांच्यासाठी त्या जास्तीच्या खोल्या घेतल्या ती मुलं दूर गेली. आता संध्याकाळी त्याच इमारतींत दोन-दोन माणसांचे दिवे लागतात.

मग दोघांनी हिशेब कसा ठेवावा? इथल्या जुन्या माणसांपाशी याचं एक उत्तर होतं. वसईच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या तोंडाला आगोट म्हणतात. जूनमध्ये समुद्र बंद होणार, वाटा चिखलात जाणार, म्हणून मे महिन्यातच आगोटची बेगमी व्हायची. सुके बोंबील, जवळा, वर्षाचा मसाला, तांदूळ, कांदे, जळणाची लाकडं. कमाई बंद असताना चूल पेटती राहावी, एवढाच त्यामागचा विचार. निवृत्ती ही आपली आगोटच आहे, फक्त तिला नारळी पौर्णिमा नाही. त्या दिवशी होड्या पुन्हा पाण्यात जातात; आपण पुन्हा कामावर जात नाही.

त्यातला विचार घ्यावा, मापं मात्र घेऊ नयेत. सहा माणसांची बेगमी दोघांना परवडत नाही. पन्नास किलो तांदूळ स्वस्त पडतो म्हणून घ्यावा, तर दिवाळीपर्यंत त्यात पोरकिडे होतात. एकावर एक फुकट मिळालेली तेलाची पिशवी संपवण्यासाठी भजी तळावी लागतात आणि मग डॉक्टरांकडे जावं लागतं. दोघांच्या घरात पाव किलो हेच खरं काटकसरीचं माप. टोपलीत वसईची वांगी, पालेभाजी आणि वेलची केळी घेऊन बसणाऱ्या मावश्या पाव किलो आनंदाने देतात, आणि दोन मिरच्या वर टाकतात. विजेचंही तसंच. महावितरणच्या बिलात महिन्याच्या पहिल्या शंभर युनिटांचा दर कमी असतो, पुढे तो बराच वाढतो. दोन माणसांच्या घराला, वातानुकूलन यंत्र नसेल तर, शंभराच्या आसपास राहणं जमण्यासारखं आहे.

आता मिळकतीकडे वळू. वसईत बावखल नावाचा प्रकार आहे. वाडीतलं गोड्या पाण्याचं ते छोटं तळं. ते भरलेलं असलं की आसपासच्या विहिरींना पाणी टिकतं. नव्या वसाहतींसाठी टँकर भरभरून इथलं पाणी उपसलं गेलं, तेव्हा कित्येक विहिरींत खारं पाणी शिरलं. जितकं पाझरतं तितकंच उपसावं, हा बावखलाचा नियम मुदलालाही लागू आहे.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं उदाहरण घ्या. ही योजना २००४ मध्ये सुरू झाली. एप्रिल २०२३ मध्ये तिची मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख झाली आणि दर ८.२ टक्के झाला. नव्या खात्यांचा दर सरकार दर तिमाहीला ठरवतं. पण खातं उघडतानाचा दर पाच वर्षं कायम राहतो. ८.२ टक्क्यांनी दहा लाखांवर तिमाहीला २०,५०० रुपये हातात येतात. हे सगळे खर्चायचे का? इथे ७२ चा साधा नियम लावून पाहा. ७२ ला महागाईच्या दराने भागलं की किती वर्षांत किमती दुप्पट होतील ते कळतं. सहा टक्के महागाई असेल तर बारा वर्षं, चार टक्के असेल तर अठरा. म्हणजे पासष्टीला २५ हजारांत चालणारं घर सत्त्याहत्तरीला ५० हजार मागू शकतं. व्याज मात्र वाढत नाही. म्हणून आमच्याकडे दर तिमाहीच्या व्याजाचा चौथा हिस्सा आवर्ती ठेवीत परत जातो. जे उरतं, ते आमचं उत्पन्न.

काटकसर कुठे करू नये, हेही लिहून ठेवायला हवं. रक्तदाबाची गोळी अर्धी करून खाणारी सुशिक्षित माणसं मी पाहिली आहेत. त्यापेक्षा डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून तेच औषध आणावं. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी गाठलेल्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान योजनेत नोंदणीकृत रुग्णालयांत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. ते कार्ड वेळेवर काढावं. न्हाणीघरात धरायला दांडा आणि जिन्यात दिवा, यांवर पैसे वाचवू नयेत. आणि माणसांकडे जाणं-येणं थांबवू नये. एसटीत पासष्टीनंतर अर्धं तिकीट आहे, ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीनंतर ते मोफत आहे. साधेपणा म्हणजे दार लावून बसणं नव्हे.

एवढं सगळं नीटनेटकं मांडून मी सौ.ला वही दाखवली. तिने चष्मा लावून सगळे रकाने वाचले आणि म्हणाली, "अहो, छान आहे. आता यातून एक माणूस वजा करून दाखवा."

"कोण वजा करायचं?" मी विचारलं.

"दोन्ही करून बघा. उत्तर एकच येणार नाही."

वाचकहो, दोघांच्या अंदाजपत्रकातलं सगळ्यात महत्त्वाचं पान हेच आहे. ती मागे राहिली, तर माझ्या निवृत्तिवेतनाऐवजी कुटुंब निवृत्तिवेतन सुरू होईल. सरकारी बँकांत त्यावर पूर्वी ९,२८४ रुपयांची कमाल मर्यादा होती; २०२१ मध्ये ती काढून शेवटच्या पगाराच्या सरसकट तीस टक्के ठरले. तरी मिळकत बरीच घटते. वर्गणी, घरपट्टी, मोलकरीण मात्र निम्मी होत नाही. मी मागे राहिलो, तर मिळकत तीच राहील, पण पोळी-भाजीचा डबा लावावा लागेल. जे काम ती तीस-पस्तीस वर्षं बिनपगारी करत आली, त्याची किंमत त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या वहीत येईल.

काउंटरच्या अलीकडे बसून मी अनेक विधवा पाहिल्या. पिशवीभर पासबुकं, पावत्या घेऊन येत. "यांनी सगळं केलंय हो, पण कुठे काय ते मला ठाऊक नाही," असं म्हणत. त्यातल्या कित्येक घरांत पैसा कमी नव्हता. फक्त तो एकाच माणसाच्या डोक्यात होता.

म्हणून आज रविवार आहे, जेवणं झाली की पासबुकं टेबलावर काढा. खाती दोघांच्या नावे, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा' अशी आहेत का, प्रत्येक ठेवीवर नामनिर्देशन आहे का, ते बघा. सगळ्याची एका पानावर यादी करा, आणि ती ज्याने आजवर हिशेब लिहिला नाही त्याच्या किंवा तिच्या अक्षरात असू द्या. तासाभराचं काम आहे. चहा नंतर घ्या.