आपलेच गाव, तिकीट काढून पाहिले

सोलापूर सोडून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलात की शहर संपता संपता एमआयडीसी लागते. चादरी-टॉवेलचे कारखाने, मालाने भरलेले टेम्पो, आणि पाळी सुटली की मोटारसायकलींची झुंबड. या वसाहतीच्या कडेला माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाची सव्वातीन एकर जमीन आहे. नाव सांगत नाही, कारण घरातली गोष्ट आहे. अण्णा, ऐंशीच्या पुढची त्यांची आई, दोन मुलगे, सुना, नातवंडे असे घर. थोरला शेती बघतो, धाकटा टॉवेलच्या कारखान्यात पाळीवर जातो.

धाकट्याने घरात विषय काढला. रस्त्याकडची दोन एकर एकतर प्लॉटवाल्याला द्यायची, नाहीतर कर्ज काढून तिथे 'पार्क' काढायचा. पाळणे, सिमेंटची जनावरे, रंगीत दिवे. थोरला म्हणाला, "मग ज्वारी काय पत्र्यावर पेरू?" दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोलेना. शेवटी अण्णा माझ्याकडे आले. "साहेब, तुम्हीच सांगा दोघांना."

तीस वर्षे विस्ताराच्या कामात काढल्यावर एक कळले आहे, की सांगितलेले पटत नाही, पाहिलेले पटते. बियाण्याचे असते तर मी प्रात्यक्षिकाचा प्लॉट दाखवला असता. इथे म्हटले, चला, जीप करा, कणेरीला जाऊ.

कोल्हापूरच्या दक्षिणेला, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीजवळ कणेरीचा सिद्धगिरी मठ आहे. तिथे जुन्या गावगाड्याचे संग्रहालय उभे केले आहे. मी स्वतःही ते पाहिलेले नव्हते. पहाटे पाचला निघालो, मंगळवेढा, सांगोला, मिरज करत दुपारी पोचलो. आज्जींना गाडीत बसवणे हेच मोठे काम होते. "सिमेंटची माणसं बघायला एवढं लांब?" असे त्या सांगोल्यापर्यंत म्हणत होत्या.

तिकीट काढून आत गेलो. सुरुवातीला प्राचीन ऋषींचे पुतळे आहेत, ते पाहून पुढे झालो आणि एकदम गावात शिरलो. सुमारे सात एकरांत ८० च्या आसपास देखावे आणि 300 च्या घरात पुतळे आहेत, सगळे सिमेंटचे, माणसाच्या मापाचे. कुंभार चाकावर बसलेला, लोहाराचा भाता, सुताराचा वासला, न्हाव्यापुढे मान खाली घालून बसलेला गावकरी. कुठे नांगरट, कुठे मळणी. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या, धोतराच्या चुण्या, बैलाच्या मानेवरचे वशिंड, सगळे इतके हुबेहूब की अण्णांचा धाकटा नातू एका कुत्र्याला दगड दाखवून मागे सरला!

मी मोटेपाशी थांबलो. आमच्या विहिरीवरची मोट मी सात-आठ वर्षांचा होईतो पाहिली आहे. नाडा, सोंदूर, थारोळ्यात भसकन पडणारे पाणी आणि धावेवरून मागे मागे सरकणारे बैल. वडिलांना इंजिन मिळाले त्या दिवशी घरात पुरणपोळी झाली होती, हेही आठवते. म्हणून सांगतो, मोट गेली याचे मला दुःख नाही. उन्हात दिवसभर बैलांमागे चालणाऱ्याला विचारा. पुतळ्याला घाम येत नाही आणि सिमेंटमध्ये १९७२ चा दुष्काळ दाखवता येत नाही. पण एक गोष्ट खटकली, ती माझ्याबद्दलचीच. गावोगाव फिरून "जुने टाका, नवे घ्या" असे मी सांगत आलो. नवे घ्या हे बरोबरच होते. जुने निदान माळ्यावर ठेवा, एवढे सांगायला माझे काय जात होते? आमच्या मोटेचे चाक भंगारवाल्याने किलोवर नेले.

आणि मग जात्याचा प्रसंग घडला. तिथे शहरातल्या एका शाळेची सहल आली होती. दळणाऱ्या बाईच्या पुतळ्यापुढे मुले उभी होती, बाई पाटीवरचे वाचून दाखवत होत्या. आज्जी मागून म्हणाल्या, "अगं, असं न्हवं. खुट्टा मुठीत आवळायचा न्हाई, हात मोकळा सोडायचा. न्हाईतर दुपारपतुर खांदा जातोय." मुले वळली. एक मुलगी म्हणाली, "आज्जी, तुम्ही खरंच दळायचा?"

"तर! कोंबडं आरवायच्या आत पायली दळून व्हायची. भाकरीचं बारीक, भरड्याचं जाड. घास किती टाकायचा त्यावर पीठ ठरतंय."

पाच मिनिटांत पुतळ्याकडे कोणी बघेना. मुले आज्जींच्या भोवती. आज्जी कट्ट्यावर बसून रिकाम्या हवेत जाते फिरवत होत्या. धाकटा लांब उभा राहून बघत होता. मी काही बोललो नाही.

परतताना मिरजेच्या पुढे चहाला थांबलो, तेव्हा त्यानेच विचारले, "साहेब, हे असलं शेतकऱ्याला जमतंय का?" मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. अमेरिकेत कॅलिफोर्नियात वॉल्टर नॉट नावाचा बेरी पिकवणारा शेतकरी होता. १९३४ मध्ये त्याच्या बायकोने शेतावरच कोंबडीचे जेवण विकायला सुरुवात केली. जेवायला रांगा लागू लागल्या. रांगेतल्या माणसांना वेळ जावा म्हणून १९४० मध्ये त्याने जुन्या धर्तीचे एक गाव उभारायला घेतले. आज तिथे मोठे करमणूक उद्यान आहे. दुसरी गोष्ट डिस्नेलँडची. १९५५ मध्ये ते उघडले ते संत्र्यांच्या बागा काढून. १६० एकर जागा. बागवाल्याला जमिनीचे पैसे मिळाले आणि विषय संपला. दोन्ही गावे एकमेकांच्या शेजारीच आहेत.

आपल्याकडेही खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका निघाले, पुण्याजवळ आंबेगावला २०२३ च्या शिवजयंतीला शिवसृष्टीचा पहिला टप्पा खुला झाला. तेवढे भांडवल आपल्याजवळ नाही आणि कर्ज काढून त्यांची नक्कल करू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. पाळण्याची मोटार जळली तर दुरुस्तीला माणूस मुंबईहून आणावा लागेल. ज्वारीला तसे नाही. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण आणले आहे. पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करून चालू शेतावरच पाहुणे घेता येतात.

दोन एकर न मोडता काय करता येईल, याचा हिशेब मग जीपमध्येच सुरू झाला. थोरला म्हणाला, मालदांडी आहे तशी राहू दे, दहा-पंधरा गुंठे हुरड्याची करू. मी त्याला फुले उत्तरा आणि फुले मधुर या राहुरीच्या वाणांची नावे दिली. दाणा चिकात असताना मऊ, गोड लागतो आणि कणसातून चटकन सुटतो. पेरणी एकाच दिवशी करू नका, आठ-आठ दिवसांनी तुकडे पाडा, नाहीतर सगळा हुरडा एकाच आठवड्यात येईल आणि उरलेल्या पाहुण्यांना कडबा दाखवावा लागेल!

कणेरीत मी आणखीही काही टिपून घेतले होते. म्हाताऱ्या माणसाला चार पावलांवर टेकायला जागा हवी. प्यायचे पाणी आणि बायकांसाठी स्वच्छ संडास आधी, शोभा नंतर. विहिरीला कठडा आणि जाळी हवीच. आणि आगटी! ही गोष्ट मी अण्णांना तीनदा सांगितली. पाचटाचे छप्पर छान दिसते, पण हुरड्याची आगटी त्याच्यापासून आणि कडब्याच्या गंजीपासून लांब, वाऱ्याची दिशा पाहून पाडायची, शेजारी पाण्याचा पिंप भरलेला. राजकोटच्या खेळघराला मे २०२४ मध्ये आग लागली, त्यात पंचवीसहून अधिक माणसे गेली, लहान मुलेसुद्धा. आणि आपल्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत १८ मे २०२५ ला टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जीव गेले. ते धाकट्याला सांगावे लागले नाही. तो त्याच वसाहतीत पाळीवर जातो. "बाहेर पडायला दोन वाटा ठेवू," एवढेच तो म्हणाला.

प्लॉटवाल्याला अजून नाही म्हटलेले नाही. एक हंगाम बघू, असे ठरले आहे. भाऊ-भाऊ बोलायला लागले आहेत.

परवा त्यांच्याकडे गेलो तर आज्जी अंगणात काठी टेकून उभ्या. घरचे जाते सापडले होते. वरची तळी तुळशीखाली, खालची न्हाणीपुढची पायरी म्हणून पालथी घातलेली. पाय घासून घासून तिचे दात पार गेलेत. टाकी लावणारा माणूस पाहिजे. पूर्वी दारावर हाक देत यायचे. अण्णांनी वळसंग, कुंभारीपर्यंत विचारून पाहिले, अजून कोणी मिळालेला नाही. तुमच्या गावात असेल तर कळवा.