कलाभवनातील विद्यार्थिजीवन

दरवर्षी एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या सरकारी चित्रकला परीक्षांचा निकाल लागला म्हणजे आमच्या शाळेतील काही मुले हातात प्रमाणपत्र घेऊन आनंदाने घरी जातात, आणि थोड्याच दिवसांत त्यांचे वडील काळजीच्या मुद्रेने शाळेत येतात. पुढे हेच शिकावयाचे, असा हट्ट मुलाने अथवा मुलीने घरी धरलेला असतो. ह्यातून पोट भरते काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्याही आधीचा प्रश्न, म्हणजे तेथे जाऊन ही मुले दिवसभर करतात तरी काय, हा फारसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर कळल्यावाचून पहिल्या प्रश्नाचा निकाल लागावयाचा नाही, असे आम्हांस वाटते.

मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई कलाविद्यालय १८५७ पासून चालू आहे. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० मध्ये तेथे विद्यार्थी म्हणून दाखल झाले, पुढे तेथेच अध्यापक झाले, आणि ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ ह्या ग्रंथात त्यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. मोठ्या शहरातील मोठ्या विद्यालयाची हकीकत ज्यांस हवी असेल त्यांनी तो ग्रंथ मिळवून वाचावा. आज येथे सांगावयाची आहे ती एका लहान विद्यालयाची गोष्ट. ते खेड्याच्या शेजारी, उघड्या माळावर उभे राहिले, आणि चित्रकलेबरोबर काव्य, संगीत, भाषा व तत्त्वज्ञान ही सर्व एकाच आवारात नांदत असल्यामुळे तेथील विद्यार्थ्यांस नुसता हाताचा कारागीर होऊन राहणे शक्यच नव्हते. ते म्हणजे शांतिनिकेतनातील कलाभवन होय.

शांतिनिकेतन बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात, बोलपूर गावाजवळ आहे. नकाशावर ते आपणांपासून फार दूर दिसते. तथापि सातारा जिल्ह्यास ते अगदीच परके नाही. कविवर्य रवींद्रनाथ ठाकुरांचे वडील बंधू सत्येंद्रनाथ हे सनदी नोकरीत प्रवेश मिळविणारे पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची सारी नोकरी मुंबई इलाख्यात झाली, व १८९७ मध्ये ते साताऱ्याचे न्यायाधीश असतानाच निवृत्त झाले. काकासाहेब कालेलकरांचा जन्म १८८५ मध्ये साताऱ्यासच झाला. तेही १९१५ मध्ये काही महिने शांतिनिकेतनात होते. आणखी एक नाते मातीचे आहे. महाबळेश्वराच्या पठारावर पायांखाली जो तांबडा जांभा दगड लागतो, त्याच जातीची लाल, खडेदार भूमी बीरभूमचीही आहे. मात्र तेथे आपल्यासारखे डोंगर नाहीत, धुके नाही, आणि उन्हाळा असा कडक की आपल्या इकडच्या मुलास पहिले वर्ष जड जावे. ह्या मातीची आठवण वाचकांनी ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

डिसेंबर १९०१ मध्ये रवींद्रनाथांनी तेथे अवघ्या पाच मुलांची शाळा काढली. वर्ग झाडांखाली भरत. विद्यार्थी आपापले आसन काखेत मारून एका झाडाखालून दुसऱ्या झाडाखाली जात. पाऊस आला की पाठ आटोपता घ्यावा लागे, आणि हे मुलांस फारसे अप्रिय नसावे! आठवड्याची सुटी रविवारी नसून बुधवारी असे. १९१९ मध्ये ह्याच आवारात कलाभवन निघाले, आणि १९२१ मध्ये सर्व शाखा मिळून विश्वभारती ही संस्था रीतसर स्थापन झाली.

गांधीजी १९१५ मध्ये तेथे गेले असता त्यांनी मुलांस व शिक्षकांस विचारले की, स्वयंपाकी व नोकर ह्यांच्यावर अवलंबून न राहता सर्व कामे तुम्हीच का करीत नाही? कालेलकरांस ही कल्पना फार पसंत पडली. १० मार्च रोजी प्रयोग सुरू झाला. शिक्षक भाजी चिरू लागले, मुले भांडी घासू लागली, आणि घासणाऱ्यांस शीण वाटू नये म्हणून काही मुले जवळ बसून सतार वाजवीत. हा प्रयोग फार दिवस टिकला नाही. तथापि १० मार्च हा दिवस नोकरांस विश्रांती देऊन सर्व कामे आपण करण्याचा म्हणून तेथे पाळण्याची चाल पडली. आमच्या वसतिगृहातील मुलांनी ही हकीकत, विशेषतः सतारीची, ध्यानात घ्यावी.

आता कलाभवनाविषयी. तेथील प्रमुख आचार्य नंदलाल बसू. विद्यार्थी त्यांस ‘मास्टरमोशाय’ म्हणत. हे अवनींद्रनाथांचे शिष्य. १९०९-१० च्या सुमारास लेडी हेरिंगहॅम ह्यांच्या बरोबर आपल्या अजिंठ्याच्या लेण्यांत राहून त्यांनी भिंतींवरील चित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. भिंत आणि चित्र ह्यांचा संबंध त्यांच्या मनात तेथेच ठसला असावा. सरकारी कलाशाळांतून ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या नकला समोर ठेवून हात बसविण्याची जी रीत होती ती त्यांनी स्वीकारली नाही. विद्यार्थ्याने बाहेर जावे. ताडाचे झाड, म्हैस, पाणी भरणारी संताळ स्त्री, जे दिसेल ते नीट पाहावे, आणि घरी येऊन स्मरणाने काढावे. त्यांच्या स्वतःच्या खिशात नेहमी कोरी कार्डे असत. जेथे बसतील तेथे चित्र काढीत, आणि गावी गेलेल्या विद्यार्थ्यांस पत्र लिहावयाचे तर कार्डावर चार ओळींच्या जोडीला शाईने काढलेले एखादे झाड किंवा बकरी असे. सुटीत घरी गेलेल्या मुलास असे कार्ड आल्यावर त्याला काय वाटत असेल ह्याची कल्पना करावी. आम्ही शिक्षक सुटीतील अभ्यासाचे जे कागद पाठवितो ते मुले एवढ्या आवडीने जपून ठेवीत असतील असे वाटत नाही.

प्रारंभी विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके होते. ठरीव अभ्यासक्रम नव्हता आणि परीक्षाही नव्हती. गुरू आपले चित्र काढीत बसलेले असत आणि शिष्य शेजारी आपले काम करीत. मुलांबरोबर मुलीही शिकत. आपल्याकडील रांगोळीसारखी बंगालात ‘आल्पना’ असते. ती सुकुमारी देवी नावाच्या बाई शिकवीत. घरोघरच्या बायकांची ही कला महाविद्यालयात शिकविण्याच्या योग्यतेची आहे, हे त्या काळी मान्य करणे साधी गोष्ट नव्हती. उत्सव आला की जमिनीवरील आल्पना, नाटकाचा पडदा, नटांची वस्त्रे, हे सर्व चित्रकलेच्या विद्यार्थ्यांकडे येई. नाटक रवींद्रनाथांचे, तालमी त्यांच्याच देखरेखीखाली. तेव्हा चित्रकाराच्या कानावर गाणे व काव्य आपोआप पडे. संगीत शिकविणाऱ्यांत पंडित भीमराव शास्त्री हे महाराष्ट्रीय गृहस्थही होते.

दोन विद्यार्थ्यांच्या गोष्टी पालकांनी लक्षपूर्वक ऐकाव्या अशा आहेत. पहिले विनोदबिहारी मुखर्जी. लहानपणापासून त्यांचा एक डोळा निकामी व दुसरा अतिशय अधू. असा मुलगा चित्रकलेच्या वर्गास आला तेव्हा नंदलालांस स्वाभाविकच शंका वाटली, आणि ती त्यांनी रवींद्रनाथांच्या कानावर घातली. मुलगा मन लावून काम करीत असेल तर त्याला करू द्यावे, त्याच्या पुढील आयुष्याची चिंता आजच वाहू नये, अशा अर्थाचे उत्तर मिळाले आणि विनोदबिहारी राहिले. १९४६-४७ मध्ये तेथील हिंदी भवनाच्या भिंतींवर त्यांनी मध्ययुगीन संतांचे जे विशाल चित्र काढले, ते पूर्ण आकाराचे कच्चे रेखाटन न करिता थेट ओल्या गिलाव्यावर काढले आहे. १९५७ मध्ये शस्त्रक्रिया फसून त्यांची दृष्टी पार गेली. त्यानंतरही ते कागद कापून चित्रे करीत, बोटांनी मेणाच्या आकृती घडवीत, विद्यार्थ्यांस शिकवीत. आत्मचरित्रही त्यांनी दुसऱ्यास सांगून लिहविले. त्यांचेच एके काळचे विद्यार्थी सत्यजित राय ह्यांनी १९७२ मध्ये त्यांच्यावर एक छोटा चित्रपट काढला.

दुसरे रामकिंकर बैज. बाँकुडा येथील गरीब घरातला हा मुलगा १९२५ मध्ये कलाभवनात आला. त्याचे काम पाहून नंदलाल म्हणाले की, ह्याला तर सर्व येतेच आहे, तरी दोन-तीन वर्षे राहावे, असे सांगतात. रामकिंकर राहिले ते जन्मभर. त्यांस मोठे पुतळे घडवावयाचे होते, पण ब्राँझ अथवा संगमरवर घेण्यास पैसा कोठून यावा? त्यांनी पायांखालच्या लाल जांभ्याचे खडे घेतले, सिमेंटमध्ये कालविले, आणि उघड्या मैदानात १९३८ मध्ये ‘संताळ कुटुंब’ हे शिल्प उभे केले. कामासाठी गाव सोडून निघालेला मजूर, खांद्यावर कावड, कावडीच्या एका टोपलीत मूल, बरोबर बायको आणि कुत्रे, एवढाच विषय. राजा नाही, देव नाही, सेनापती नाही. आपल्या घाटातून कोयता घेऊन ऊसतोडणीस निघालेली बिऱ्हाडे ज्यांनी पाहिली आहेत त्यांस हे शिल्प समजावून सांगावे लागणार नाही. ते आजही त्याच जागी आहे.

ह्या दोघांस जे मिळाले ते मोठ्या इमारतींमुळे किंवा साधनसामग्रीमुळे मिळाले नाही. सामग्री तर तेथे बेताचीच होती. त्यांस खरे काम मिळाले. रिकामी भिंत दिसली की ती विद्यार्थ्यांच्या हवाली होई. ‘कालो बाडी’ नावाची मातीची, डांबराने काळी केलेली इमारत विद्यार्थी व शिक्षकांनी मिळून उठावाच्या आकृतींनी सजविली आणि पुढे विद्यार्थीच तीत राहू लागले. १९३८ मध्ये हरिपुरा येथील काँग्रेस अधिवेशनासाठी नंदलालांनी ढोलकरी, सुतार, शिंपी अशा सामान्य माणसांची चित्रे रंगविली, तेव्हा त्यांच्या प्रती करण्यास विद्यार्थी बसले. स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेची हस्तलिखित प्रत सजविण्याचे कार्यही नंदलालांनी शिष्यांच्या साहाय्याने केले. त्या प्रतीत शिवाजी महाराजांचे चित्र आहे हे पुष्कळांस ठाऊक नसते. आरंभीच्या सिंहमुद्रेचे काम दीनानाथ भार्गव नावाच्या तरुण विद्यार्थ्याकडे होते; सिंह कसा उभा राहतो व मान कशी वळवितो हे पाहण्यासाठी तो कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात पुनःपुन्हा जाई.

आपल्या भागातील उदाहरण हवे असेल तर कोल्हापूरचे विनायकराव मासोजी ह्यांचे घ्यावे. १८९७ मध्ये जन्मलेले हे गृहस्थ कलाभवनाच्या प्रारंभीच्या विद्यार्थ्यांपैकी एक, आणि पुढे तेथेच अध्यापक झाले. १९३० मध्ये गांधीजींस मध्यरात्री अटक झाली, त्या प्रसंगावरील त्यांचे चित्र प्रसिद्ध आहे.

येथवर वाचून कोणी पालक म्हणतील की, मास्तरांनी सर्व गोडच सांगितले. तसे नाही. परीक्षा नव्हती, म्हणजे बाहेर दाखविण्यास परीक्षेचा दाखलाही नव्हता. पुढे नोकरी शोधताना त्याचे मोल कळे. ज्याचे त्याने काम करावे ही रीत मन लावणाऱ्यास मानवते. आळशी मुलाची वर्षे तीत नकळत वाया जाऊ शकतात. सर्वांसच ते ठिकाण मानवले असेही नाही. सत्यजित राय १९४० मध्ये आईच्या आग्रहाने, काहीशा नाखुशीनेच तेथे गेले. १९४२ च्या अखेरीस शिक्षण अर्धवट टाकून ते कलकत्त्यास परतले आणि १९४३ मध्ये एका जाहिरात कचेरीत नोकरीस लागले. चित्रकार होण्याचा आपला पिंड नाही हे त्यांस तेथेच उमगले. मात्र त्याच दिवसांत मित्रांबरोबर त्यांनी अजिंठा व वेरूळ पाहिले, आणि भारतीय कलेकडे पाहण्याची दृष्टी आपणांस शांतिनिकेतनाने दिली हे ते पुढे मोकळेपणाने सांगत. अडीच वर्षे फुकट गेली, असे त्यांच्या घरच्यांनी १९४३ मध्ये म्हटले असते तर त्यांस दोष देता आला नसता.

१९५१ पासून विश्वभारती हे केंद्रीय विद्यापीठ आहे. त्याच साली नंदलाल निवृत्त झाले. आता कलाभवनात रीतसर परीक्षा आहेत, पदवी आहे, आणि त्या मानाने पूर्वीचा मोकळेपणा कमी झाला आहे. सुटीच्या दिवशी कलकत्त्याहून हौशी प्रवाशांची जी झुंबड उडते ती महाबळेश्वरकरांस नवी वाटणार नाही. पौष मेळ्याच्या मैदानास भिंत घालण्यावरून २०२० मध्ये मोठा तंटाही झाला. २०२३ मध्ये युनेस्कोने शांतिनिकेतनाची जागतिक वारसास्थळांत गणना केली. पदवीदानाच्या वेळी सातविणीची पाने देण्याची चाल तेथील जुनी आहे, कारण त्याच झाडाखाली रवींद्रनाथांचे वडील ध्यानास बसत. नंदलालांचा जन्मदिन ३ डिसेंबर. त्याच्या आदल्या दोन दिवशी ‘नंदन मेळा’ भरतो. विद्यार्थी व शिक्षक आपण केलेल्या वस्तू व चित्रे तेथे विकतात, आणि तो पैसा अडचणीतील विद्यार्थ्यांच्या साहाय्यनिधीस जातो.

वयाची मर्यादा आडवी येते असे कोणास वाटत असेल तर पु. ल. देशपांडे १९७० मध्ये, पन्नाशी गाठल्यावर, बंगाली शिकण्यास तेथे जाऊन राहिले होते; ‘वंगचित्रे’ हे त्यांचे पुस्तक त्यातूनच झाले. मुलास पाठविण्याचा विचार करणाऱ्या पालकांनी ते आधी स्वतः वाचावे, मग मुलाच्या हाती द्यावे. प्रवेशाचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून ते त्या त्या वर्षी विद्यापीठाकडूनच मागवावे. पुण्याहून हावड्यास थेट गाडी आहे. हावड्याहून बोलपूर सुमारे तीन तासांच्या वाटेवर आहे. जाणे शक्य झाल्यास डिसेंबरात जावे, म्हणजे ऊन सौम्य असते आणि मेळ्यात मुलांचे काम प्रत्यक्ष पाहावयास मिळते.