घरात आणलेला घोयरा खात का नाही?

गटाच्या बैठकीत आपण हप्ते, कर्ज, शेळ्या-कोंबड्या यांवर बोलतो. आज आम्ही लेकरांच्या एका प्रश्नावर बोलणार आहोत.

आपला चंद्रपूर-गडचिरोलीचा मुलूख जंगलाचा. लेकरं धुऱ्यावरच्या झुडपातून रंग बदलणारा घोयरा सरडा, म्हणजे शॅमेलिऑन, धरून आणतात. पायाला दोरा बांधतात, खोक्यात ठेवतात. दोन दिवसांनी म्हणतात, "आई, हा काहीच खात नाही." मग कोणी भात टाकतं, कोणी दूध पाजतं. तरी तो तोंड उघडत नाही.

आधी ओळख पटवून घेऊ. कुंपणावर डोकं हलवत बसतो तो साधा सरडा. घोयरा वेगळा. त्याचं अंग दोन्ही बाजूंनी चपटं, डोक्यावर टोपीसारखा उंचवटा, शेपटी गुंडाळलेली. पायाची बोटं चिमट्यासारखी फांदी धरतात. एक डोळा पुढे तर दुसरा मागे फिरतो. तो विषारी नाही. त्याच्या फुंकरीने, नजरेने काही होत नाही. भीतीपोटी त्याला मारू नका.

आता तो खात का नाही ते पाहू. पहिलं कारण, त्याचं अन्नच वेगळं. तो हलणारा जिवंत किडा पाहतो, लांब जीभ फेकतो आणि चिकटवून ओढतो. नाकतोडे, माश्या, अळ्या हा त्याचा आहार. भात, पोळी, दूध त्याला अन्न वाटतच नाही.

दुसरं कारण पाणी. तो वाटीतलं पाणी सहसा पीत नाही. पानावरचे दवाचे, पावसाचे थेंब चाटतो. वाटी भरलेली असली तरी तो तहानलेला राहतो, आणि तहानलेला जीव खात नाही.

तिसरं कारण ऊब. त्याचं अंग आपल्यासारखं आतून गरम राहत नाही. सकाळी ऊन घेतल्यावरच त्याला हुशारी येते, खाल्लेलं पचतं. अंधाऱ्या खोलीत किंवा थंडीच्या दिवसांत त्याची भूक मंदावते. उलट टिनाच्या छपराखाली दुपारच्या तापात तो मरूही शकतो.

चौथं आणि मोठं कारण भीती. तो एकटा राहणारा प्राणी आहे. हाताळणं, गोंगाट, कुत्रं-मांजर, पायाचा दोरा, या सगळ्यांनी तो घाबरतो आणि अन्न सोडतो. अंगावर काळपट रंग येतो, तो फुगतो, फुसफुसतो. आपण म्हणतो, बघा कसा रंग बदलतो! तो बिचारा भ्यालेला असतो. मादी पोटुशी असेल तर अंडी घालायला मऊ माती शोधते. खोक्यात ती मिळत नाही, मग तीही खात नाही.

डोळे खोल गेले, दिवसाही मिटलेले राहिले, फांदीवरची पकड सुटली, तोंड उघडंच राहिलं, तर तो फार अशक्त झाला असं समजा.

मग करायचं काय? दोरा जपून कापा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पानांची फांदी ठेवून त्याला सावलीत, शांत जागी ठेवा. पानांवर स्वच्छ पाण्याचे थेंब शिंपडा. तोंड उघडून काही कोंबू नका, पाणीही ओतू नका. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तंबाखू तर मुळीच नको. फवारणी केलेल्या शेतातले किडेही देऊ नका.

आणि लगेच वनविभागाला १९२६ या क्रमांकावर फोन करा. या फोनचे पैसे लागत नाहीत. नाहीतर वनरक्षकाला किंवा गावाजवळच्या सर्पमित्राला कळवा. तो कुठून आणला ती जागा लेकराकडून नीट विचारून ठेवा, म्हणजे त्याला त्याच्याच जागी सोडता येईल.

हे कायद्यासाठीही महत्त्वाचं आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचा हा सरडा संरक्षित आहे. त्याला पकडणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. असा वन्यप्राणी हाती आला तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन अधिकाऱ्याला कळवावं, असं कायदा सांगतो. म्हणून वेळेत कळवणंच बरं. लपवून ठेवलं तर घराला त्रास होतो.

लेकराला मारू नका, रागावू नका. त्याला प्राण्याची माया आहे म्हणून तर ते रडत आलं. त्याला सांगा, याचं जेवण झाडावर आहे, आपल्या घरात नाही. हा पिकावरचे नाकतोडे खातो, म्हणजे आपल्याच शेताची राखण करतो. झाडावर बसलेला घोयरा लांबून बघायला शिकवा.

येत्या बैठकीत गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर १९२६ हा क्रमांक लिहून घ्या. ज्या बहिणीला वाचता येत नाही, तिच्याकडून तोंडपाठ करून घ्या.