लोकरीचा गुंडा आणि मांजर: चित्रात गोड, घरात धोक्याचं

कॅलेंडरवर, वहीच्या मुखपृष्ठावर, मोबाइलच्या वॉलपेपरवर लोकरीच्या गुंड्याशी खेळणारं मांजराचं पिल्लू सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. पशुवैद्यांना मात्र हे चित्र पाहून वेगळंच काही आठवतं: ऑपरेशन करून मांजराच्या पोटातून काढलेला हातभर दोरा.

यामागचं कारण मांजराच्या जिभेत आहे. मांजराने हात चाटला की सँडपेपर घासल्यासारखं वाटतं. त्या खरखरीत जिभेवर बारीक काटे असतात आणि त्यांची टोकं घशाकडे वळलेली असतात. अंग विंचरायला आणि हाडावरचं मांस खरवडायला ते उत्तम, पण दोरा एकदा त्यांत अडकला की मांजराला तो थुंकून टाकणं फार अवघड जातं. जीभ हलेल तसा तो आतच सरकतो आणि शेवटी गिळला जातो.

गिळलेला मणी किंवा बटण कधीकधी शीतून बाहेर पडतं. दोऱ्याचं तसं नाही. त्याचं एक टोक जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं आणि उरलेला दोरा आतड्यात पुढे जातो. आतडं नेहमीसारखं हलत राहतं, पण दोरा जागचा हलत नाही. मग नाडी ओढल्यावर लेंग्याच्या कमरेला चुण्या पडाव्यात तसं आतडं दोऱ्यावर गोळा होतं. ताणलेला दोरा आतून आतडं कापूही शकतो. वेळ गेला तर मांजर दगावतं.

मांजर वारंवार उलटी करत असेल, खाणं सोडून कोपऱ्यात बसून राहत असेल आणि घरातला दोरा किंवा रिबन गायब असेल, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा. तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोऱ्याचं टोक लोंबताना दिसलं तर ते ओढायचं नाही. आत काय अडकलंय हे बाहेरून कळत नाही आणि एका हिसक्यात आतडं फाटू शकतं. दोऱ्याला सुई असेल तर प्रकरण आणखी गंभीर.

मराठी घरात असे दोरे पावलोपावली सापडतात. शिलाई मशीनखाली पडलेले तुकडे, गजऱ्याचा सुकलेला दोरा, राखीचा गोंडा, तोरणाच्या झिरमिळ्या, मिठाईच्या खोक्याची रिबन, केसांचे रबर, संक्रांतीनंतर गॅलरीत अडकलेला मांजा. मासळीच्या पिशवीला बांधलेली सुतळी तर सर्वांत मोहाची, कारण तिला वासही असतो. या गोष्टी झाकणाच्या डब्यात किंवा झाकणाच्या कचरापेटीत गेल्या की निम्मं काम झालं.

मग मांजराने खेळायचं कशाशी?

मुळात दोरा आवडतो कशामुळे, तर तो उंदराच्या शेपटीसारखा सरपटतो. मांजराचा खेळ आणि मांजराची शिकार या फार वेगळ्या गोष्टी नाहीत. ‘मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो’ ही म्हण याच निरीक्षणातून आलेली दिसते. इंग्लंडमध्ये जॉन ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाळीव मांजरांच्या खेळावर अभ्यास केले. भुकेलं मांजर जास्त जोरात खेळतं, असं त्यांना दिसलं. त्याच खेळण्याचा मांजराला लवकर कंटाळा येतो, पण थोड्याच वेळात दुसरं, जरा वेगळं खेळणं पुढे आलं की ते नव्याने तुटून पडतं, असंही आढळलं. थोडक्यात, खेळण्याचा कंटाळा येतो, शिकारीचा नाही.

म्हणून महागड्या खेळण्यांची टोपली भरून ठेवण्यापेक्षा चार-पाचच खेळणी असावीत आणि ती आलटून पालटून काढावीत. आठवडाभर कपाटात राहिलेला जुना मोजा मांजराला नवा वाटतो. त्यात कापडाच्या चिंध्या भरून घट्ट शिवला की लाथा मारायला, मिठी मारून चावायला छान उंदीर तयार. अंड्यांच्या कागदी ट्रेमध्ये रोजच्या खाऊचे दाणे टाकले तर ते एकेक करून पंजाने उकरण्यात मांजराची दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. टेबलटेनिसचा चेंडू कोरड्या टबात सोडला की तो कडेला आपटून परत येतो. कुरियरचं रिकामं खोकं तर कुठल्याही घरात असतंच. त्याची टेप आणि पिना काढून दोन बाजूंना भोकं पाडली की झालं. नेदरलँड्समधल्या एका निवारागृहात २०१४ साली झालेल्या अभ्यासात, लपायला खोकं मिळालेली नवी मांजरं खोकं न मिळालेल्यांपेक्षा कमी तणावात दिसली होती. प्लास्टिकची पिशवी मात्र द्यायची नाही. तिच्या बंदात मान अडकते.

काठीला कापडाची पट्टी किंवा पीस बांधलेलं खेळणं मांजरांचं सर्वांत लाडकं. तेही दोऱ्याचंच, म्हणून ते माणसाच्या हातात असेपर्यंतच बाहेर आणि नंतर कपाटात. ते हलवण्याचीही एक रीत आहे. पुष्कळ लोक पीस मांजराच्या नाकासमोर नाचवतात. पण वीतभर अंतरावरचं मांजराला धूसर दिसतं, आणि कोणताही उंदीर स्वतःहून मांजराच्या तोंडाशी येत नाही. पीस मांजरापासून दूर पळालं पाहिजे, सोफ्याआड दडलं पाहिजे, मध्येच थबकलं पाहिजे. मांजर नुसतं दबा धरून बघत बसलं तरी तो खेळच असतो. शेवटी दोन-तीनदा ते त्याच्या पंजात सापडू द्यावं आणि लगेच जेवण वाढावं. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा क्रम मांजराच्या अंगवळणी पडलेला असतो. पहाटे चारला पायाची बोटं चावून उठवणाऱ्या मांजराबरोबर रात्री असं खेळून पाहावं. बऱ्याच घरांत फरक पडतो.

वेळही फार लागत नाही. एक्सेटर विद्यापीठाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बाहेर फिरणाऱ्या ज्या मांजरांशी घरचे रोज पाच-दहा मिनिटं खेळले, त्यांनी घरी आणलेल्या शिकारीत २५ टक्के घट दिसली. उन्हाळ्यात दुपारचा खेळ टाळावा. तोंड उघडून धापा टाकू लागलं तर लगेच थांबावं, आणि वारंवार तसं होत असेल तर पशुवैद्याला दाखवावं.

लेसरच्या ठिपक्यामागे मांजर वेड्यासारखं धावतं, पण हाती काहीच लागत नाही. काही मांजरं नंतर भिंतीवरच्या कवडशांकडे, सावल्यांकडे टक लावून बसतात. वापरायचाच तर डोळ्यांवर न मारता, आणि शेवटी ठिपका खाऊवर किंवा खेळण्यावर आणून बंद करावा.

हाताची बोटं हे खेळणं नव्हे, हे मात्र पहिल्या दिवसापासून पाळावं लागतं. दोन महिन्यांच्या पिल्लाने बोट चावलं की सगळे हसतात. वर्षभराने तेच मांजर त्याच सवयीने आजीच्या पायावर झेप घेतं. कान मागे पडले, शेपूट आपटू लागली, पाठीची कातडी थरथरली की खेळ संपला असं समजावं. चावा वरून टाचणीएवढा दिसला तरी खोल असतो. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. आपल्याकडे रेबीज असल्याने घरचं मांजर म्हणून यात सूट घेऊ नये.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी आणखी एक जागा महत्त्वाची, ती म्हणजे गॅलरी. कबुतर दिसलं की मांजराला कठड्याची रुंदी आठवत नाही. न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयात उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांच्या नोंदींवरचा १९८७ सालचा अभ्यास प्रसिद्ध आहे. उपचार झालेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचली, म्हणून ‘मांजर पडलं तरी काही होत नाही’ असं सांगितलं जातं. पण त्यात दवाखान्यापर्यंत पोचलेलीच मांजरं होती. जागीच मेलेली कोणी मोजली नाहीत. वाचलेल्यांतही छाती, जबडा आणि टाळूच्या दुखापती पुष्कळ होत्या. नुसत्या ग्रिलच्या गजांमधून मांजर आरामात निघतं. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी ते कुरतडू शकतं, म्हणून धातूची बारीक जाळी जास्त भरवशाची.

दहा-बारा वर्षांचं मांजर उड्या मारणार नाही, ते आडवं पडल्या पडल्या पंजा मारेल. त्याच्यासाठी तेवढाही खेळ पुरतो. मात्र रोज खेळणाऱ्या मांजराने अचानक खेळणं सोडलं, तर म्हातारपण म्हणून सोडून देऊ नये. अनेकदा सांधे किंवा दात दुखत असतात, आणि मांजर दुखणं लपवण्यात पटाईत असतं.